मातीला न लागलेलं जवस

१४ डिसेंबर

आज आपांनी ओळखलं नाही.

अयाजनं फोन त्यांच्या तोंडासमोर धरला होता. मी नेहमीसारखी सुरू झाले, आपा, मी शकू, जेवलात का, पाय दुखतो का. त्या बघत राहिल्या. मग मुलाला विचारलं, "ये बाई कौन है रे? बिलोलीकी है क्या?"

मला हसू आलं. अशा वेळी हसू का येतं कुणास ठाऊक.

मग माझ्याकडेच वळून म्हणाल्या, "तिकडं जवस फुललं का गे?"

फुललं, म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

भिंतीला भिंत लावून आख्खा संसार झाला आमचा. काजं करायला, कॉलर बसवायला साजिदाआपांनीच शिकवलं. दुकानाच्या पाटीवर नाव माझं आहे, हात त्यांचा आहे. अयाजचे अब्बा गेल्यावर तो आपांना कॅनडाला घेऊन गेला. तिथं मोठा ट्रक चालवतो. आज फोनवर नंतर एकटा असताना म्हणाला, "मावशी, अम्मी घराबाहेर पायच टाकत न्हाई. दार उघडलं की म्हणतेत, बाहेर काहीच न्हाई, बंद कर." डॉक्टर म्हणाले म्हणे, ओळखीचं काहीतरी डोळ्यांपुढं ठेवा.

बाहेर सगळा बर्फ. खरंच, काहीच नाही की मग.

मला मात्र एवढंच पाहिजे. त्यांनी एकदा 'शकू' म्हणावं. नुसतं शकू.

१५ डिसेंबर

माळ्यावरून डबा काढला. बिलोलीला आपांच्या अब्बांचा तेलाचा घाणा होता, घाण्यामागं जवसाचं वावर. घाणा गेला, वावर गेलं, बी तेवढं त्यांनी जपलं. कॅनडाला जाताना डबा माझ्या हातात दिला. बी चाळलेल्या गोवरीच्या राखेत, मधे मधे कडुलिंबाचा पाला. "मेरे हाथ की राख है, कीडा नक्को बोलता इसको," म्हणाल्या होत्या.

राखेत हात घातला. गुळगुळीत बी बोटांतून निसटतं. बराच वेळ तशीच बसले हात घालून. डोळ्यांपुढं आलं, हे बी तिकडं पोचलंय, आपांच्या दाराशी बर्फ वितळलाय, कुंडीत निळं फूल आलंय, त्या उंबऱ्यावर उभ्या. एक पाय बाहेर.

दुकानात गिऱ्हाईक हाका मारून गेलं म्हणे. ऐकूच आलं नाही.

१७ डिसेंबर

पोस्टात गेले. पुडकं छान बांधून नेलं होतं. काउंटरवरचे म्हणाले, "आत काय?" "बी." त्यांनी दोन बोटांनी पुडकं परत माझ्याकडे सरकवलं. "परदेशात बी असं जात न्हाई बाई. कागद लागतेत. तुम्ही चटणी करून पाठवा की जवसाची."

चटणी! भाजलेल्या बियांना फुलं येतात काय?

संध्याकाळी यांना सांगितलं. हे डाळ मिलमधून आले की अर्धा तास अंगावरची पावडर झटकत बसतात. झटकता झटकता म्हणाले, "गोधडीच्या काठात शीव की. तुझा टाका कोणाला दिसून राहिलाय?"

कबूल करते, हे ऐकून बरं वाटलं. लगेच जुनी गोधडी काढली, काठ उसवला, बी ओळीनं भरून परत शिवला. हात फिरवून पाहिला. मलासुद्धा कळत नव्हतं.

१८ डिसेंबर

अयाजला मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

"मावशी, असलं नका करू. अम्मीचे राहायचे कागद अजून झाले नाहीत. माझ्या नावावर लपवलेलं काही निघालं, तर तिलाच भोवंल. हितं सरळ इचारलं तर सरळ सांगतेत. मी इचारतो, तुम्ही तिकडं इचारा."

आपांना तिथून काढलं असतं माझ्या हौसेपायी तर? काठ उसवला. बी डब्यात परत, राखेत. यांच्याशी दिवसभर बोलले नाही. यांचा काय दोष त्यात, शिवलं तर मीच होतं.

२० डिसेंबर, नांदेड

कुणीतरी सांगितलं, नांदेडच्या कृषी कार्यालयात विचार. सकाळच्या बसनं गेले. टेबलामागं एक बाई, वय माझ्याच आसपास. साडीचा फॉल एका बाजूनं सुटलेला. माझी नजर तिथंच.

त्यांनी नीट समजावलं. आधी तिकडच्या खात्याची परवानगी, ती अयाजनं काढायची. मग इकडे तपासणी, हैदराबादला. बी निरोगी आणि स्वच्छ असल्याचं प्रमाणपत्र मिळालं की पाकिटाच्या वर खरं नाव, खरा हेतू लिहून पाठवायचं.

"स्वच्छ म्हणजे माती नको. पाला नको, कीड नको, दुसरं बी नको. राखही नको."

"राख तर शुद्ध असते हो."

"तुमच्यासाठी," त्या म्हणाल्या. रागानं नाही, हसूनच म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. दोन्हीकडं हरभरा, करडई, मधेच रिकामी रानं. जवस शोधत आले. झोप लागली.

२२ डिसेंबर

काय करून बसले.

राख काढायची म्हणून सगळंच बी धुतलं. परातीत घेतलं, पाणी ओतलं, हलक्या हातानं चोळलं. पहिलं पाणी काळं. दुसरं पाणी ओतलं, तर सगळं बुळबुळीत. बोटांना तार सुटली. मग सगळा एक गोळा, राख त्याच्यात आणखी घट्ट. उन्हात टाकलं तर पापडच झाला.

जन्मभर चटणीला जवस भाजत आले, पाण्यात कधी घातलंच नव्हतं. तरी एवढं कळू नये?

हे बघायला आले. "गोंद झालाय. काज चिकटवायला होईल." मग माझा चेहरा बघितला आणि हळूच परात उचलून आत नेली.

आपांच्या हातची राख होती ती. खूप रडले.

३० डिसेंबर, येळवस

सकाळच्या जीपनं किल्लारी, तिथून बाळूच्या वावरात. माझा धाकटा भाऊ. वेळा अमावस्या म्हणून सगळं गाव रानात, कडब्याच्या खोपीत पूजा, माठात आंबील, शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीचा वास लांबूनच येत होता. माझं तोंड पाडलेलं. बाळूची बायको वाढून राहिली होती आणि मी नुसती ढवळत होते.

बाळू म्हणाला, "आक्का, तू दिलेलं बी बघितलं का? जा, त्या कडंला जा. दुपारपर्यंतच हाय, मग गळतंय."

मी विसरलेच होते. दसऱ्याला मूठभर बी त्याला दिलं होतं, पेर म्हटलं होतं कुठंतरी. त्यानं हरभऱ्याच्या कडेनं चार ओळी टाकल्या होत्या.

निळं. पातळ देठांवर, हरभऱ्याच्या हिरव्यावर तरंगत होतं. वारा आला की निळं इकडं झुकायचं, मग तिकडं. मी चप्पल काढून बांधावर बसले. मागून बायकांचं हसणं, बडबड, कुणीतरी कुणाला आंबील प्यायचा आग्रह करतंय, ते सगळं दूर दूर गेलं. बिलोलीच्या घाण्यामागं लहानगी साजिदा अशीच बसत असेल. मला घाण्याचा आवाजसुद्धा ऐकू आला. मी तो घाणा कधी पाहिलेला नाही.

तिकडं रात्र होती, तरी तिथूनच अयाजला व्हिडिओ लावला. आपांना दाखवलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या, "फोटू है." तोंड फिरवलं.

फोनमधला निळा खरंच तसा येत नाही. अयाज मात्र बघत राहिला. "असं असतंय होय जवस?" म्हणाला. लातूर शहरात वाढलेलं पोर, त्याला काय माहीत.

उन्हं चढल्यावर फुलं गळायला लागली. बांधावर, माझ्या पदरावर.

२१ जानेवारी

अयाजनं अर्ज केलाय. आपा आता स्वयंपाकघरातही येत नाहीत, म्हणाला. खोलीचा पडदा लावून बसतात.

२ मार्च

बाळूनं जवस कापून पेंढ्या पाठवल्या. मीच त्याला ताकीद दिली होती, खळ्यावर टाकू नको, भुईला टेकवू नको. उभ्यानं कापल्या, थेट चादरीत बांधल्या, जीपच्या टपावरून आल्या.

दुकानाचं कटिंग टेबल धुऊन पुसून घेतलं. वर मांजरपाट अंथरलं. बोंडं हातानं चुरली. सुपाला माती असते म्हणून सूपही नवं आणलं. बी मांजरपाटावर पडतं तेव्हा अगदी बारीक आवाज होतो, तो ऐकायला मशीन बंद ठेवलं.

जन्मल्यापासून मातीला लागलं नाही असं बी. बाळू म्हणाला, "मातीत जायचंय त्याला, अन् मातीपासूनच सांभाळून राहिलीस."

आजपासून रोजे सुरू. पलीकडच्या घरात आता दुसरे भाडेकरू आहेत. भिंतीवरून ताट येत नाही. संध्याकाळी अजान झाली की मी अजून भिंतीकडं बघते.

१२ मार्च

तिकडची परवानगी आली! अयाजनं फोटो पाठवला. एक अक्षर कळलं नाही, पण तीनदा वाचला.

१९ मार्च, हैदराबाद

रेल्वेनं आले. तपासणी करणारे साहेब तरुण, भिंगातून बघत होते. पांढऱ्या ताटात बी पसरलं. मला अभिमान, एक कण सापडायचा नाही. ते चिमट्यानं काहीतरी उचलून म्हणाले, "ये देखिए." भिंगात बघितलं. खडबडीत, मातकट, गोल, बारीक.

अमरवेल.

पिवळ्या दोऱ्यांसारखी अंगावर चढते, आख्खं रान पिऊन टाकते, ती. बाळूच्या बांधाला असणारच. साहेब म्हणाले, ही तिकडं एकदा गेली की कुणाच्या शेतात शिरेल, कोण सांगणार. पुन्हा निवडून आणा.

गोधडीतूनही असलंच काही गेलं असतं, कुणाला कळलंही नसतं.

२३ मार्च

चार दिवस निवडून राहिलेय. डोळे फुटायची वेळ आली. अमरवेलीचं बी एवढंसं, जवसाखाली दडतं.

ईदचे कपडे शिवायची घाई त्यात. आज एका पोरीच्या फ्रॉकचा मखमलीचा तुकडा टेबलावर पडला होता, त्याच्यावर थोडं बी सांडलं. उचलायला तुकडा तिरका केला, तर जवस सुळकन घसरून खाली. मखमलीवर दोन खडबडीत दाणे अडकून राहिले.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. जवसाला चकाकी, ते घसरतं. अमरवेल मखमलीला धरून बसते.

मग सगळं बी मखमलीवरून घसरवलं, चिमूट चिमूट. फ्रॉकवालीला दुसरा तुकडा लावून देईन. जीव भांड्यात पडला. अडकलेले दाणे चुलीत टाकले.

३१ मार्च, ईद

आपांना फोन. नवा दुपट्टा होता अंगावर. मी मुबारक म्हटलं. त्यांनी मला विचारलं, "तुझा घरवाला काय करतो गे?" पंचवीस वर्षं ज्यांच्या हातचा चहा प्यायले हे, त्यांनी.

डाळ मिलमध्ये आहेत, म्हटलं. "अच्छा है," म्हणाल्या.

४ एप्रिल, हैदराबाद

मिळालं प्रमाणपत्र. साहेबांनी या वेळी ताट बराच वेळ बघितलं, मग सही केली.

९ एप्रिल

पाकीट केलं. बी आत बटरपेपरमध्ये, प्लॅस्टिक नको, घाम येतो. त्यावर जाड कागद. दोन्ही बाजूंना पुठ्ठा, नाहीतर पोस्टाच्या मशीनमध्ये दाणे चिरडतात, असं नांदेडच्या बाई म्हणाल्या होत्या. कागदपत्रं वरच्या पारदर्शक खिशात. मोठ्या अक्षरात लिहिलं, जवसाचं बी, पेरणीसाठी. त्याचं शास्त्रीय नाव इतकं लांबलचक की लिहिताना दोनदा चुकले.

वरून मांजरपाटाची पिशवी शिवली, कागदपत्रांचा खिसा आणि नाव बाहेर दिसेल अशी. पोस्टातले म्हणाले, आता नाही लागत शिवायला, तिकडं उघडून बघतात. म्हटलं, बघू द्या. कच्चा टाका घातलाय. एक दोरा ओढला की सगळं उघडेल, कात्री लागायची नाही. त्यांनी दोऱ्याचं टोक बघितलं आणि शिक्का मारला.

लपवण्यासाठी शिवलं होतं तेव्हा टाका दिसू दिला नव्हता. आज मुद्दाम लाल दोरा घेतला. हलकी होऊन घरी आले, उन्हाचं भान नव्हतं.

२ मे

पाकीट तिकडं पोचलं, पण तपासणीत आहे. तिथं पेरणी याच महिन्यात म्हणे.

१९ मे

तपासणीतच.

मशीन चालवताना मधेच पाय थांबतो. मोठं गोदाम दिसतं, उंच कपाटं, आणि त्यात एका फळीवर माझं लाल टाक्याचं पाकीट. अंधारात बसलंय शहाण्यासारखं.

११ जून

तपासणीतच. आता पेरून थंडीच्या आत फुलेल की नाही, अयाजलाही माहीत नाही. आपा दोन दिवस जेवल्या नव्हत्या. मी चिडून त्याला म्हटलं, "एवढ्या सरळपणानं काय मिळालं?" फोन ठेवल्यावर माझं मलाच वाईट वाटलं.

इकडं पेरण्या. हे म्हणाले, यंदा आपल्याच कुंडीत लाव की.

८ जुलै

अयाजचा फोन, ट्रक रस्त्याच्या कडेला उभा करून. मी घाबरले, आपांना काही झालं की काय.

"मावशी, हितं सगळं निळं हाय."

मला कळेना. त्यानं फोन फिरवला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी. बांध नाही, झाड नाही. आभाळ कुठं संपतं ते दिसेना.

"दोन उन्हाळे हितनं जाऊन राहिलो. वाटायचं, हाय काहीतरी ह्यांचं पीक. तुमच्या येळवसच्या व्हिडिओतलं फूल आठवलं म्हणून आज उतरलो. शेतात एक म्हातारे होते, त्यांना इचारलं. जवसच हाय म्हणे. ह्या बाजूला सगळीकडं हेच पेरतेत."

नांदेड, हैदराबाद, मखमल, लाल दोरा, सात महिने, आणि तिकडं त्यांच्या घरापासून तासाभरावर हे. आधी राग आला. कुणाचा, माहीत नाही. मग हसू फुटलं. मग भिंगातला तो खडबडीत दाणा आठवला, आणि एवढ्या निळ्यात तो सुटला असता तर, या विचारानं हसू थांबलं. बरं झालं बाई, ज्यांनी अडवलं त्यांचं भलं होवो.

"आपांना ने," म्हटलं. "सकाळी ने. दुपारी गळतात."

१३ जुलै

तिकडं सकाळ, इकडं दिवेलागण. दुकान बंद करून हे आणि मी फोनसमोर बसलो.

अयाजनं फोन गाडीच्या काचेला टेकवला होता. गाडीचं दार उघडं. आपा आत, डोळे मिटलेले. "अम्मी, बघ तरी." त्या म्हणाल्या, "बाहर कुछ नै, बंद कर." तो बाजूला होऊन उभा राहिला. त्यानं ओढलं नाही त्यांना, शहाणा पोरगा.

वारा येत असावा. दुपट्टा हलला. त्यांनी डोळे उघडले.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग एक पाय बाहेर आला. चप्पल गाडीतच राहिली. दुसरा पाय. दार धरून उभ्या राहिल्या, मग दार सोडलं. शेताच्या कडेपर्यंत गेल्या आणि आजूबाजूच्या फुलांवरून हात फिरवला, कापडाचा पोत बघतात तसा. यांनी माझा हात घट्ट धरला होता.

अयाजनं फोन जवळ नेला. आपांनी माझ्याकडं बघितलं. चेहरा केवढा उजळला होता. मी म्हटलं, "आपा, मी..."

त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "ए बाई, तू लातूरकी है ना? माझं एक काम कर. आमच्या भिंतीपलीकडं शकू राहती. तिला बोलाव. सांग, आपानं बोलावलंय, जवस फुललं. जल्दी आ म्हणावं, दुपारी गळतंय."

हेच फोनकडं वाकून म्हणाले, "सांगतो आपा."

"तिलाच सांगा," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा फुलांकडं वळल्या.

म्हणाल्या की नाही शकू? म्हणाल्या. दोनदा म्हणावं म्हणून मीच मग विचारलं, "कोणाला सांगू?" "शकूला गे," म्हणाल्या, जरा चिडूनच.

१८ जुलै

पाकीट अयाजच्या घरी पोचलं. उघडून, बघून, परत नीट बंद करून दिलं. अयाजनं फोटो पाठवला, लाल दोरा ओढलेला, कापलेला नाही. आता पेरू की पुढच्या उन्हाळ्यात, विचारतोय.

आपा रोज दारात येऊन बसतात. जेवतात. तिथून दिसतो तो नुसता रस्ता, समोरच्यांचं गवत. गाडी आली की मान उंच करतात. "शकू निघाली क्या?" असं सकाळ-संध्याकाळ विचारतात. समोर मी आले तर ओळखतील का, तर नाही बहुतेक. अयाजलाही तसंच वाटतं. तो म्हणाला, "मावशी, मी काय सांगू तिला? एकदा खोटं सांगितलं तर रोज सांगावं लागंल."

मी यांच्याकडं बघितलं. आम्ही कधी विमान जवळून पाहिलेलं नाही. माझा पासपोर्ट नाही, काढावा लागेल. दुकानात गौरी-गणपतीचे ब्लाउज घेऊन ठेवलेत. हे अंगावरची पावडर झटकायची विसरून तसेच बसले होते.

"सांग," मी म्हटलं, "निघाली."